बारा वॅटचं ऊन

समोर चौथा मजला चढला त्या वर्षी
आमच्या गॅलरीतलं ऊन
साडेदहाचं अकराला येऊ लागलं,
मग पावणेबाराला,
मग चप्पल न काढता दारातूनच परत.

वडगावातल्या गल्ल्या अशाच.
हात लांब केला की समोरच्यांचा टॉवेल हाती यावा.
भांडणार कुणाशी?
त्यांनी घर बांधलं,
सावली काय कुणी मिस्त्री लावून बांधत नाही.

मिरची नुसती उंच झाली, काडीसारखी,
कठड्याबाहेर मान काढून रस्ता बघणारी.
अबोलीनं कळ्या धरणं सोडलं.
कढीपत्ता तेवढा चिवट,
महिन्याला दोन डहाळ्या, त्याही उपकार केल्यागत.

मी शिवणकाम करते. उजेडाचं मला कळतं.
गॅलरीत पांढऱ्या अस्तराचा तुकडा पसरला,
वर तळहात धरला.
सावलीला बोटंच नव्हती,
एक मळकट डाग फक्त.
एवढ्या उजेडात मी काज करत नाही,
ही पानं कशी करणार?

गणपत गल्लीत पहिल्या दुकानात जांभळा दिवा. चौदाशे.
पेटवून दाखवला तर दुकानदाराचं तोंड वांग्यासारखं,
माझे हातही.
'झाडांसाठीच बनवलाय बाई, स्पेशल.'
चौदाशे म्हणजे चार ब्लाउज, कटोरीचे, अस्तरासकट.
बघून येते, म्हटलं.
बघून येते म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक.

गुरुपादप्पाचं दुकान बोळात.
त्यानं आधी विचारलं, झाडं किती, कुठली.
कढीपत्त्याचं सोडा, म्हणाला, तो जगतोय की. मिरचीचं बोला.
मग खोका उलटा करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं:
'वॅट म्हणजे हा खातो किती.
देतो किती, ते लुमेन. ते बघून घ्यायचं.
पांढरा घ्या, साधा, बारा वॅट.
झाडाला रंगाचं कौतुक नसतंय.'
दिवा एकशे दहा, होल्डर तीस.

सुटे मोजता मोजता म्हणाला,
'बिसिलु बेरे, बेळकु बेरे.'
ऊन वेगळं, उजेड वेगळा, इथवर मला कळलं.
पुढचं त्यानं मराठीत सांगितलं:
त्यांच्यात बेळे म्हणजे वाढणं, पीकही तेच,
आणि उजेड म्हणजे बेळकु.
सख्खे की चुलत, ते त्याला माहीत नव्हतं.
एका घरातले वाटतात खरं.

मोनाप्पानं तेलाचा डबा कापून दिव्याला टोपी केली,
झड येत नाही अशा कोपऱ्यात, भिंतीच्या अंगाला, तिरका बांधला.
'किती लांब ठेवू?'
मी गळ्यातली टेप काढली.
शेंड्यापासून नऊ इंच, बाहीएवढं.
झाड वाढलं की दिवा मागं घ्यायचा,
पोरीच्या झग्याचा दाब उसवतात तसा.
पहाटे चार तास, संध्याकाळी सहा.
महिन्याला साडेतीन-चार युनिट:
त्यानं पेन्सिलीनं भिंतीवरच हिशेब केला,
मी तो पुसलेला नाही.

अबोली अजून रुसलेलीच.
मिरचीला सहाव्या आठवड्यात फूल आलं,
पांढरं, मान खाली घातलेलं.

परवा रात्री समोरून कलावती टीचरनी हाक मारली.
'तुमच्या मिरचीची सावली
आमच्या जेवणघरात येतेय, भिंतीवर.
एकेक पान केळीच्या पानाएवढं.'
मी म्हटलं, पडदा लावते उद्या, कापड आहे घरात.

'नको, नको. पोरगा मोजतोय जेवताना.
काल एकवीस होती.'

मी इकडं मोजली. तेवीस.
दोन मागं लपली असणार.